पावसाळा सरला की ग्रीनजवळची चिप का फसते? तपासणी मातीपासून सुरू करा

परतीचा पाऊस थांबतो, सोयाबीनची काढणी सुरू होते आणि आपल्याकडे मराठवाड्यात गोल्फचा मोसम उघडतो. त्याबरोबर एकच तक्रार सगळीकडून ऐकू येते: ड्राइव्ह बसतोय, आयर्न बसतंय, पण ग्रीनपासून, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापासून, दहा-पंधरा पावलांवर आलं की चिप, म्हणजे बॉल थोडा उडवून ग्रीनवर टाकायचा छोटा फटका, बिघडते. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत दरवर्षी हेच चालतं. सोबत खेळणाऱ्यांच्या चिप दुरुस्त करता करता माझा तपासणीचा क्रम पक्का झाला आहे. बहुतेकांची ग्रिपही बदललेली नसते आणि स्विंगही. बदललेली असते ती पायाखालची जमीन. तरी लोक आधी स्विंगला हात घालतात, मग नवा वेज (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांचा, तिरप्या तोंडाचा क्लब) विकत घेतात आणि जमिनीकडे बघतच नाहीत. हा क्रम उलटा करायचा आहे.

पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट धराव्यात.

लक्षणं

आपलं लक्षण नेमकं ओळखा, कारण उपाय त्यावरच ठरतो.

फॅट: क्लब बॉलच्या आधी जमिनीत रुततो, फेसवर (क्लबच्या बॉलला लागणाऱ्या बाजूवर) काळा चिखल लागतो आणि बॉल हातभर पुढे सरकून थांबतो. कधी क्लब अडकून पुन्हा सुटतो आणि बॉलला दोनदा लागतो. २०१९ पासून अशा चुकून झालेल्या दुहेरी स्पर्शाला दंड नाही, एकच स्ट्रोक धरतात. पण तो वारंवार होत असेल तर ते ठळक लक्षण समजा.

थिन: क्लबची खालची धार बॉलच्या पोटावर बसते आणि बॉल ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. दोन फॅट फटक्यांनंतर तिसरा थिन, हा अगदी नेहमीचा क्रम आहे. तो वेगळा आजार नाही. रुतण्याची भीती बसली की शरीर आपोआप वर उचललं जातं.

फटका स्वच्छ बसला, पण बॉल ग्रीनवर थांबलाच नाही: फिरकी गेली. बॉल आणि फेस यांच्यामध्ये ओलं गवत, पाणी किंवा माती आली.

बॉल एप्रनवर (ग्रीनला लागून असलेल्या पट्ट्यावर) पडला आणि तिथेच मेला: टप्प्याची जागा चुकली, फटका नव्हे.

क्लब गवतात पिळला आणि बॉल डावीकडे गेला: हरळीने हॉझेलला (क्लबचा दांडा डोक्याला जोडला जातो त्या भागाला) विळखा घातला.

यातलं काही फक्त सकाळीच होतं का, फक्त उताराच्या तळाशीच होतं का, हेही बघा. तसं असेल तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

पहिली तपासणी, बिनखर्चाची: दोष जमिनीचा की हाताचा?

सरावाच्या दिवशी दहा बॉल घ्या. पाच बॉल अशा जागेवरून मारा जिथे पाणी थांबत नाही: मुरमाड उंचवटा, किंवा टी-बॉक्सच्या (पहिला फटका मारायच्या जागेच्या) मागची कोरडी, बारीक कापलेली पट्टी. उरलेले पाच ग्रीनच्या एप्रनवरून, त्याच क्लबने, तेवढ्याच अंतरावर. कोरड्या जागेवरचे बसले आणि एप्रनवरचे फसले तर दोष जमिनीचा, किंवा त्या जमिनीसाठी निवडलेल्या क्लबचा. दोन्हीकडे फसले तर हालचालीचा.

हा प्रयोग सरावाच्या चटईवर करू नका. चटईवर क्लब बॉलच्या आधी टेकला तरी घसरून पुढे जातो आणि बॉल बऱ्यापैकी उडतो. फॅट फटका चटई झाकून टाकते. पावसाळाभर चटईवर सराव केलेल्यांना ऑक्टोबरमध्ये जो धक्का बसतो तो यामुळेच.

दुसरी: मातीला वाफसा आहे का?

ही तपासणी शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही शिकवावी लागत नाही. एखाद्या जुन्या डिव्हटच्या (क्लबने उडालेल्या गवत-मातीच्या तुकड्याच्या) खड्ड्यातली किंवा कडेची मूठभर माती घ्या, घट्ट दाबा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे, नेहमीसारखी चिप चालेल. चपटा होऊन पडला तर माती अजून ओली आहे. गोळाच वळला नाही तर जमीन कोरडी आहे आणि तिचे प्रश्न वेगळे आहेत.

याला एवढं महत्त्व का? मराठवाड्याची काळी माती बेसाल्ट खडक झिजून बनलेली. तिच्यातली चिकणमाती थरांमध्ये पाणी शोषून फुगते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिला पाऊस भराभर खाली जातो. माती फुगून भेगा मिटल्या की पाणी मुरण्याचा वेग एकदम घटतो. म्हणून परतीच्या पावसाची एक सरही एप्रन दोन-तीन दिवस मऊ ठेवते. ग्रीनचं तसं नसतं. गवताचं ग्रीन सहसा वाळूचं प्रमाण जास्त असलेल्या भरावावर केलेलं असतं आणि त्यातून पाणी लवकर निघतं. ग्रीन कोरडं आणि त्याला लागून दोन पावलांवरचा एप्रन ओला, ही स्थिती आपल्याकडे ऑक्टोबरभर राहते. डोळ्याला दोन्ही सारखेच हिरवे दिसतात, आणि फसगत तिथेच होते.

सगळ्यात दगाबाज अवस्था मात्र चिखलाची नाही. चिखल दिसतो, माणूस सावध होतो. ऑक्टोबरच्या उन्हात वरचा पापुद्रा सुकतो आणि खाली ओल तशीच राहते, ती अवस्था खरी घातक. पाय ठेवला तर जमीन घट्ट वाटते. क्लबची धार मात्र पापुद्रा फोडून आत जाते आणि अडकते. हे ओळखायला टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) पुरते. सरावाच्या वेळी ती अंगठ्याने हळू दाबा. आधी अडली आणि मग एकदम आत गेली, तर खाली ओल आहे. टी सावकाश, एकसारखी जात असेल तर काळजी नको.

स्पर्धेत हे प्रयोग आपल्या बॉलच्या आसपास करायचे नाहीत. लाय (बॉल ज्या स्थितीत पडलाय ती), स्टान्स (पायांची जागा) किंवा खेळण्याची रेषा सुधारेल असं काही करायला नियम ८.१ बंदी घालतो, आणि बंकरमधली वाळू मुद्दाम हात लावून तपासायला नियम १२.२. तिथे फक्त चालताना पायाला काय जाणवतं तेवढ्यावर भागवायचं. सराव नीट केला असेल तर तेवढं पुरतं.

तिसरी: फुकट सुटका मिळते का?

हा उपाय बरेच जण वापरतच नाहीत. चिखलातून उत्तम फटका मारायला शिकण्यापेक्षा, नियम परवानगी देत असेल तर बॉल उचललेला बरा.

स्टान्स घेताना बुटाभोवती पाणी दिसलं, तेही पाय मुद्दाम न दाबता, तर ते तात्पुरतं पाणी. नियम १६.१ प्रमाणे, पाण्याचा अडथळा पूर्ण सुटेल अशा सर्वांत जवळच्या जागेपासून एका क्लबच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, बॉल विनादंड ड्रॉप करता (हातातून खाली सोडता) येतो. जमीन नुसती मऊ किंवा चिखलाची असणं पुरेसं नाही, पाणी दिसलं पाहिजे. दव हे तात्पुरतं पाणी धरत नाहीत, त्यामुळे सकाळच्या ओल्या गवतावर ही सवलत नाही.

बॉल स्वतःच्याच टप्प्याने केलेल्या खड्ड्यात रुतला असेल आणि त्याचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली असेल, तर नियम १६.३. बॉलच्या लगेच मागच्या जागेपासून एका क्लबच्या लांबीच्या आत विनादंड ड्रॉप, होलच्या जवळ नाही. हे जनरल एरियात, म्हणजे मैदानाच्या सर्वसाधारण भागात लागू, वाळूत नाही. रफमध्येही (लांब गवतातही) मिळतं, हे अनेकांना माहीत नसतं. दोन्हींत बॉल उचलून पुसायलाही मिळतो. म्हणजे चिखल गेला आणि लायही सुधारली. उचलण्याआधी सोबतच्या खेळाडूला दाखवावं. नियमाने ते बंधनकारक नाही, पण नंतर वाद होत नाही.

चौथी: फेस, ग्रूव्ह, ग्रिप

दोन टॉवेल ठेवा, एक ओला आणि एक कोरडा. प्रत्येक चिपआधी फेस पुसा, ग्रूव्हमधली (फेसवरच्या खाचांमधली) माती टीच्या टोकाने काढा. काळी माती सुकली की ग्रूव्हमध्ये घट्ट बसते आणि मग पाण्याला आणि गवताच्या रसाला निघून जायला जागा उरत नाही, फिरकी जाते. ग्रिप ओलसर असेल तर हात ती जास्त आवळतात आणि मनगटं ताठ होतात. दोन मिनिटांचं काम आहे, पुढे जाऊ.

पाचवी: गवत कोणत्या दिशेने झोपलंय?

पावसाने हरळी वाढलेली असते आणि मोसमाच्या सुरुवातीला कापणी अजून नियमित झालेली नसते. बॉलपासून होलच्या दिशेने बघा. गवत चकचकीत, फिकट दिसलं तर ते पुढे झुकलेलं आहे, क्लब सहज जाईल. गडद दिसलं तर ते तुमच्याकडे झुकलेलं आहे आणि क्लबला अडवणार. बॉलच्या बाजूला, तसल्याच गवतात एक सरावाचा स्विंग घ्या आणि क्लब किती अडतो ते हाताला कळू द्या.

गवत विरोधात असेल तर डाव्या हाताची शेवटची तीन बोटं किंचित घट्ट धरा आणि स्विंग थोडा लांब घ्या, म्हणजे क्लब अर्ध्यात थांबणार नाही. लांब गवतातून पटर (बॉल जमिनीवरून घरंगळवायचा क्लब) वापरायचा मोह टाळा. बॉल आधी उसळतो आणि मग मरतो. एप्रन बारीक कापलेला आणि कोरडा असेल तर मात्र पटर हा सगळ्यात सुरक्षित क्लब आहे. तो वापरण्यात कमीपणा कसला?

सहावी: बाउन्स आणि बॉलची जागा

इथे थोडं थांबू, कारण जास्तीत जास्त फॅट फटक्यांचं मूळ इथे सापडतं.

वेज सरळ जमिनीवर टेकवा. पुढची धार जमिनीपासून जराशी वर राहते आणि तळाचा मागचा फुगीर भाग टेकतो. त्या उताराचा कोन म्हणजे बाउन्स. हा फुगवटा क्लबला मातीत शिरू देत नाही, तिच्यावरून सरकवत नेतो. पुष्कळ वेजवर लॉफ्टसोबत (फेसच्या तिरपेपणाच्या कोनासोबत) बाउन्सचा आकडाही कोरलेला असतो, उदाहरणार्थ ५६ आणि १२. मऊ जमिनीसाठी १० ते १४ अंश चांगला. कडक जमिनीवर ४ ते ६ पुरतो. पिचिंग वेजचा लॉफ्ट साधारण ४४ ते ४८ अंश आणि बाउन्स सहसा कमी, म्हणून मऊ एप्रनवर तोच आधी रुततो. सँड वेज मुळात वाळूत रुतू नये म्हणून घडवलेला, त्यामुळे ओल्या मातीतही तो कामी येतो.

आता तो सल्ला, जो सर्वांनी ऐकलेला आहे: बॉल मागच्या पायाकडे, हात पुढे, आणि वरून खाली मार. घट्ट, कोरड्या फेअरवेवर तो चालतो. ओल्या काळ्या मातीत त्याच्यासारखा घात दुसरा नाही. हात पुढे गेले की शाफ्ट (क्लबचा दांडा) पुढे कलतो आणि जेवढा कलतो तेवढा बाउन्स घटतो. १० अंश बाउन्सचा वेज १० अंश पुढे कलवला तर बाउन्स जवळजवळ संपला. त्यात भर म्हणजे तीव्र कोनातून मारायचं. मग धार कुदळीसारखी आत जाणारच. एकदा कॅडीने माझ्या सोबत्याला चारच शब्दांत सांगितलं होतं: "सर, बॉलआधी जमीन लागायली." सोबती त्यावर बॉल आणखी मागे घ्यायला निघाला होता. करायचं होतं नेमकं उलट.

मऊ जमिनीवर मी हे करून घेतो. बॉल दोन्ही पायांच्या मध्यावर, हवं तर मध्याच्या किंचित पुढे. शाफ्ट जवळजवळ उभा, हात बॉलच्या वरच. फेस थोडा उघडा (उजवीकडे वळवलेला), कारण फेस उघडला की बाउन्स वाढतो. वजन डाव्या पायावर थोडं जास्त, आणि फटका संपेपर्यंत तिथेच. मग बॉल विसरून फक्त तळाने गवत घासायचं. डिव्हट निघायलाच नको. आवाज "सर्र" असा यावा. "धप" आला की धार रुतली.

एवढं करूनही एखाद्या जागी क्लब रुततच असेल तर तिथे वेजचा हट्ट सोडा. सात किंवा आठ नंबरचं आयर्न घ्या, पटरसारखं उभं धरा, क्लबची टाच (आपल्याकडची कड) किंचित उचला आणि पटिंगसारखा छोटा झोका द्या. जमिनीला स्पर्श इतका कमी होतो की रुतायला वावच उरत नाही. उंची मिळत नाही, पण मध्ये बंकर नसेल तर उंची हवी कशाला?

नवा वेज विकत घेण्याआधी जास्त बाउन्सचा एखादा सोबत्याकडून मागून एक फेरी खेळून बघा. फेब्रुवारीनंतर आपली जमीन दगडासारखी होते आणि तेव्हा हाच जाड तळाचा वेज उसळून थिन फटके देऊ लागतो. आपल्याकडे वर्षाला दोन वेगळे मोसम असतात आणि बॅगेत १४ क्लबची मर्यादा आहे. मला विचाराल तर एक कमी आणि एक जास्त बाउन्सचा, असे दोन वेज ठेवावेत.

सातवी: टप्पा कुठे पडतोय?

फटका चांगला, पण बॉल होलच्या खूप आधी थांबतो, अशी तक्रार असेल तर टप्प्याची जागा बघा. उन्हाळ्यात आपण एप्रनवर टप्पा देऊन बॉल पळवत नेतो. ऑक्टोबरमध्ये तो एप्रन बॉल गिळतो. टप्पा थेट ग्रीनवर, काठापासून दोन पावलं आत द्या. त्यासाठी थोडा जास्त लॉफ्ट लागेल. सकाळच्या दवात ग्रीनही मंद असतं. अकराच्या सुमाराला दव उडालं की त्याच ग्रीनवर तोच बॉल बराच लांब जातो. सकाळी जमलेला अंदाज नवव्या होलनंतर तसाच वापरू नका.

आठवी, सगळ्यात अवघड: हालचाल

कोरड्या जागेवरच्या पाच बॉलमध्येही फॅट येत असेल तरच इथे या. बॉलच्या मागे वीतभर अंतरावर घडी केलेला टॉवेल ठेवा आणि टॉवेलला न लागता चिप मारा. टॉवेल लागला तर स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू मागे पडतोय. कारणं साधारण तीन. वजन उजव्या पायावर सरकतं. बॉल "उचलण्यासाठी" मनगट मोडतं. किंवा मागे मोठा झोका घेऊन भीतीने अर्ध्यात वेग कमी होतो. तिसरं सर्वांत जास्त दिसतं. त्यावर उपाय म्हणजे मागचा झोका लहान करणं आणि पुढचा तेवढाच किंवा थोडा मोठा ठेवणं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

टाच बुडेल इतका एप्रन ओला असेल तर तिथे सराव थांबवा. ओल्या काळ्या मातीतला प्रत्येक डिव्हट सुकल्यावर कडक खड्डा होतो. पाणी साचणारी जागा ग्रीनकीपरला दाखवा आणि काम त्याच्यावर सोपवा. कुठे छिद्रं पाडायची, कुठे वाळू भरायची, चर कुठून काढायचा, हे त्याचं शास्त्र आहे. स्वतःहून मुरूम किंवा वाळू टाकू नका. काळ्या मातीवरच्या मुरमाच्या थराखाली पाणी आणखी अडतं.

टॉवेलचा सराव दोन-तीन आठवडे नीट करूनही कोरड्या जागेवर फॅट थांबत नसेल, तर कोचकडे जा. त्याला गवतावरच चिप बघायला सांगा, चटईवर नाही. फटका बसण्याच्या क्षणी हात आपोआप झटका देत असेल, आणि तो सरावात नाही पण बॉल समोर आला की होत असेल, तर ते यिप्स असू शकतं. जास्त सराव केल्याने ते बऱ्याचदा वाढतं. जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लांगरने पटिंगमधल्या यिप्सशी झुंजत १९८५ आणि १९९३ मध्ये मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हा हा शेवट नाही. पण एकट्याने झगडू नका, जाणकार कोच गाठा.

मऊ मातीखाली मुरूम किंवा दगड लागून हाताला सणक बसली, तर त्या दिवशीचा खेळ तिथेच संपवा. कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं आठवड्यात कमी झालं नाही, करंगळीत मुंग्या येऊ लागल्या, किंवा डाव्या तळहाताच्या करंगळीकडच्या बुडाशी दाबल्यावर कळ आली, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. शेवटचं लक्षण हॅमेट नावाच्या छोट्या हाडाच्या फ्रॅक्चरचं असू शकतं आणि ते साध्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही. म्हणून गोल्फ खेळताना क्लब जमिनीवर आदळला होता, हे डॉक्टरांना नक्की सांगा.

उंच, ओल्या गवतात बॉल शोधताना हात घालू नका, आधी क्लबने गवत बाजूला करा. पावसाळ्यानंतर त्यात घोणस असू शकते. साप दिसला तर मागे या, सर्पमित्राला फोन लावा. नियम १६.२ तिथे विनादंड सुटका देतो.

आणि परतीच्या पावसातली दुपारची वीज. पश्चिमेला ढग काळे होऊन गडगडाट ऐकू आला की, चिप कितीही जमत असली तरी, क्लब बॅगेत टाका आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. झाडाखाली थांबू नका. स्पर्धा चालू असली तरी कुणाच्या परवानगीची वाट बघायची नसते. विजेचा धोका वाटला तर खेळाडूला स्वतःहून खेळ थांबवता येतो, हे नियम ५.७ मध्ये लिहिलेलं आहे. फक्त समितीला शक्य तितक्या लवकर कळवायचं.